डबल ईगलचे दोन भाव

जुन्या सोन्याच्या नाण्याला नेहमी दोन भाव असतात. एक सराफ काट्यावर टाकून सांगतो तो आणि दुसरा नाण्यांचा जाणकार भिंगातून पाहून सांगतो तो. पहिला भाव धातूचा. तो रोज वर्तमानपत्रात छापून येतो. दुसरा भाव त्या विशिष्ट नाण्याचा. तो वर्ष, टांकसाळ, झीज आणि घेणाऱ्याची हौस यांवर ठरतो. १७९५ ते १९३३ या काळात अमेरिकेच्या टांकसाळींनी पाडलेली सुवर्णनाणी आज जगभर गुंतवणूक म्हणून विकली जातात. या व्यापारातील नफा, तोटा, वाद आणि फसवणूक यांचा उगम बहुतेक वेळा या दोन भावांमधील अंतरात सापडतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोन्याने औंसामागे चार हजार डॉलरचा टप्पा ओलांडल्यानंतर या नाण्यांच्या जाहिरातींना पुन्हा बहर आला आहे. त्यामुळे ही नाणी म्हणजे नेमके काय, याची थोडी तपशीलवार माहिती घेणे उपयुक्त ठरावे.

अमेरिकेच्या नाणेपद्धतीचा पाया २ एप्रिल १७९२ च्या कायद्याने घातला गेला. या कायद्याने फिलाडेल्फिया येथे टांकसाळ स्थापन झाली आणि दहा डॉलरच्या सुवर्णनाण्यास ‘ईगल’ हे नाव मिळाले. पाच डॉलरचे ते ‘हाफ ईगल’ आणि अडीच डॉलरचे ते ‘क्वार्टर ईगल’. पहिली सुवर्णनाणी १७९५ च्या जुलै अखेरीस टांकसाळीबाहेर पडली. ती बावीस कॅरटची होती. कायद्याने सोने आणि चांदी यांचे प्रमाण एकास पंधरा असे ठरवले होते. युरोपच्या बाजारात मात्र सोने त्याहून महाग होते. परिणाम व्हायचा तोच झाला. नाणी टांकसाळीतून निघत आणि जहाजात चढत. परदेशात ती वितळवली तर दर्शनी किमतीहून अधिक पैसे मिळत. १८०४ नंतर तर ईगल पाडणेच कित्येक वर्षे बंद ठेवावे लागले. शेवटी १८३४ मध्ये वजन कमी करण्यात आले. ईगलचे वजन सुमारे साडेसतरा ग्रॅमवरून १६.७१८ ग्रॅमवर आले आणि १८३७ पासून सोन्याचा कस दशांश पद्धतीने नऊशे, म्हणजे हजारात नऊशे भाग, असा कायम झाला. पुढची शंभर वर्षे तो बदलला नाही.

१८३४ पूर्वीची नाणी आज इतकी दुर्मीळ का, याचे उत्तर या वितळणीत आहे. १८२२ सालच्या हाफ ईगलची जगात तीनच नाणी ज्ञात आहेत. त्यांपैकी दोन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. तिसरे मार्च २०२१ मध्ये ८४ लाख डॉलरना विकले गेले. सामान्य गुंतवणूकदाराचा या नाण्यांशी संबंध येण्याचे कारण नाही, पण एक गोष्ट येथेच लक्षात ठेवावी. किती नाणी पाडली गेली हा एक आकडा आणि किती उरली हा दुसरा. बाजारात किंमत ठरते ती दुसऱ्या आकड्यावर.

अमेरिकेतील सोन्याचा शोध कॅलिफोर्नियात लागला असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः त्याआधी अर्धशतक, १७९९ मध्ये, उत्तर कॅरोलिना राज्यातील रीड नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाला ओढ्यात एक पिवळा दगड सापडला होता. सुमारे सतरा पौंड वजनाचा तो दगड त्या कुटुंबाने दरवाजा अडवण्यासाठी वापरला आणि १८०२ मध्ये एका जवाहिऱ्याला साडेतीन डॉलरना विकला. पुढे त्या भागात आणि जॉर्जिया राज्यात खाणी निघाल्या. खाणीतले सोने फिलाडेल्फियापर्यंत नेणे अवघड म्हणून १८३८ मध्ये शार्लट, डलॉनेगा आणि न्यू ऑर्लिन्स येथे शाखा-टांकसाळी सुरू झाल्या. पहिल्या दोन टांकसाळींत केवळ सुवर्णनाणी पाडली जात आणि १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू होताच त्या बंद झाल्या. तेथील नाण्यांची छपाई बऱ्याचदा ओबडधोबड आहे, तरी दक्षिणेतील संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात. नाण्यावरचे एक बारीक अक्षर, ‘सी’ किंवा ‘डी’, किंमत कित्येक पटींनी वाढवते ते यामुळे.

कॅलिफोर्नियात २४ जानेवारी १८४८ रोजी सटर यांच्या लाकूडगिरणीपाशी जेम्स मार्शल यांना सोने दिसले आणि सारे चित्र पालटले. इतके सोने पूर्वेकडे येऊ लागले की त्यासाठी मोठ्या नाण्याची गरज भासली. मार्च १८४९ च्या कायद्याने एक डॉलरचे चिमुकले नाणे आणि वीस डॉलरचे ‘डबल ईगल’ अस्तित्वात आले. डबल ईगलचे एकूण वजन ३३.४३६ ग्रॅम, म्हणजे आपल्या मापाने पावणेतीन तोळ्यांहून थोडे अधिक. त्यात शुद्ध सोने ३०.०९ ग्रॅम, अर्थात ०.९६७५ औंस. हा आकडा ज्याला गुंतवणूक करायची आहे त्याने पाठ करावा. त्या दिवशीच्या औंसाच्या भावाला या आकड्याने गुणले की डबल ईगलचा पहिला भाव मिळतो. ईगलसाठी त्याच्या निम्मे, हाफ ईगलसाठी पाव. एवढा हिशेब न करता नाणे घेणारे लोक मोठ्या संख्येने आहेत, हे या धंद्यातील आश्चर्य होय.

सॅन फ्रान्सिस्कोची टांकसाळ १८५४ मध्ये, नेवाडातील कार्सन सिटीची १८७० मध्ये आणि डेन्व्हरची १९०६ मध्ये सुरू झाली. कार्सन सिटीच्या ‘सीसी’ अक्षरांभोवती पश्चिमेकडील खाणवस्त्यांचे सारे वलय आहे. तेथे १८७० मध्ये पाडलेली डबल ईगल केवळ ३,७८९ होती. या सर्व टांकसाळींत पाडलेल्या नाण्यांवर १९०७ पर्यंत मुकुटधारी स्वातंत्र्यदेवीचे मुख होते. डबल ईगलवरील मुख जेम्स लाँगेकर यांनी कोरलेले, तर ईगल व त्याच्या लहान भावंडांवरचे ख्रिश्चन गोब्रेख्त यांचे. चित्र नेटके आहे, पण राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना ते भिकार वाटे. प्राचीन ग्रीक नाण्यांचा उठाव पाहून आलेल्या या माणसाने आपल्या देशाचे नाणेही तसेच हवे असा ध्यास घेतला आणि शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांना गाठले.

सेंट-गॉडन्स तेव्हा कर्करोगाने आजारी होते. त्यांनी डबल ईगलसाठी मशाल आणि ऑलिव्हची फांदी घेऊन समोर चालत येणारी स्वातंत्र्यदेवी घडवली. मागे सूर्यकिरणांवरून उडणारा गरुड. उठाव इतका खोल होता की एकाच नाण्यावर छापयंत्राचा दाब पुनःपुन्हा द्यावा लागे. टांकसाळीचे मुख्य कोरक चार्ल्स बार्बर यांचे म्हणणे असे की, हे चलन म्हणून पाडणे अशक्य आहे. ते खोटे नव्हते. बँकेत अशा नाण्यांची चळत नीट उभी राहिली नसती. ३ ऑगस्ट १९०७ रोजी सेंट-गॉडन्स मरण पावले, तेव्हा त्यांचे नाणे चलनात आलेले नव्हते. त्या वर्षअखेरीस रोमन अंकांत साल असलेली सुमारे बारा हजार ‘हाय रिलीफ’ नाणी निघाली आणि मग बार्बर यांनी उठाव उतरवून नेहमीच्या छपाईजोगी आवृत्ती केली. अमेरिकेचे सर्वांत सुंदर नाणे म्हणून आज ज्याचा गौरव होतो, त्याची लाखो नाणी ही या तडजोडीतून निघालेली आहेत. ईश्वरावरील विश्वासाचे वचन रूझवेल्ट यांनी नाण्यावरून मुद्दाम वगळले होते, कारण पैशावर देवाचे नाव त्यांना अनादराचे वाटे. काँग्रेसने १९०८ मध्ये ते परत आणले. त्यामुळे त्या वर्षाची नाणी वचनासह आणि वचनाविना अशा दोन्ही प्रकारची मिळतात.

१९३३ चा हुकूम

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या वर्षाकडे वळू. महामंदीने अमेरिकेतील बँका कोसळत असताना ५ एप्रिल १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ६१०२ क्रमांकाचा हुकूम काढला. नागरिकांनी आपल्याजवळील सोन्याची नाणी, लगडी आणि सुवर्णप्रमाणपत्रे १ मे पर्यंत बँकांत जमा करावीत, औंसास २०.६७ डॉलर या दराने मोबदला मिळेल. न केल्यास दहा हजार डॉलरपर्यंत दंड, दहा वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दर माणशी शंभर डॉलरपर्यंतच्या नाण्यांना सूट होती. शिवाय आणखी एक सूट होती. दुर्मीळ नाण्यांच्या संग्राहकांच्या दृष्टीने ज्यांना मान्यताप्राप्त विशेष मूल्य आहे, अशी नाणी ठेवण्यास मुभा होती. पुढच्या वर्षी, जानेवारी १९३४ अखेरीस, सरकारने सोन्याचा भाव ३५ डॉलर केला. ज्यांनी हुकूम पाळून सोने दिले होते, त्यांच्या हाती कमी झालेल्या डॉलरच्या नोटा उरल्या. आपल्याकडे १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आले, त्या काळाची आठवण असलेल्या वाचकांना अमेरिकन माणसाची तेव्हाची मनःस्थिती समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडचा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला. अमेरिकन नागरिकांना सोने मुक्तपणे बाळगण्याचा हक्क ३१ डिसेंबर १९७४ रोजी परत मिळाला.

जमा झालेल्या नाण्यांपैकी प्रचंड साठा वितळवून लगडी करण्यात आल्या. या लगडींसाठीच फोर्ट नॉक्सचे कोषागार बांधले गेले. मग आजच्या बाजारात इतकी डबल ईगल आली कोठून? ती बहुतांशी परदेशांतून आली. आंतरराष्ट्रीय व्यापाराचा हिशेब पुरा करण्यासाठी ही जड नाणी पिशव्या भरभरून युरोपात आणि दक्षिण अमेरिकेत जात, आणि तेथील बँकांच्या तिजोऱ्यांवर रूझवेल्ट यांचा हुकूम चालत नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर ती हळूहळू परतली. पिशवीत एकमेकांवर आदळल्याने त्यांच्या गालावर आणि कपाळावर ओरखडे असतात. व्यवहारात न फिरलेले नाणेही त्यामुळे निर्दोष नसते.

कोणते नाणे परदेशी गेले होते आणि कोणते मायदेशीच्या तिजोरीत राहिले, या योगायोगावर आजची दुर्मीळता ठरली. १९२७ चे उदाहरण घ्या. फिलाडेल्फियात त्या वर्षी २९ लाखांवर डबल ईगल पाडली गेली, आणि ती आज कोणत्याही नाणे-व्यापाऱ्याकडे मिळतात. डेन्व्हरमध्ये त्याच वर्षी एक लाख ऐंशी हजार पाडली गेली. म्हणजे ती दुर्मीळ असण्याचे कागदोपत्री काही कारण नाही. पण ती जवळजवळ सगळी वितळली गेली आणि आज जेमतेम डझनभर ज्ञात आहेत. चित्र तेच, वजन तेच, कस तोच. एक ‘डी’ अक्षर तेवढे अधिक. एक नाणे सोन्याच्या भावाने मिळते, दुसऱ्यासाठी लाखो डॉलर मोजावे लागतात. ज्याला हा फरक मनोमन पटतो त्याने संग्राहक व्हावे. ज्याला तो वेडेपणा वाटतो त्याने पहिल्या भावाशीच व्यवहार ठेवावा. दोघेही आपापल्या जागी शहाणे आहेत.

१९३३ सालच्या डबल ईगलची कथा तर कादंबरीला लाजवील अशी आहे. ४,४५,५०० नाणी पाडली गेली, पण हुकुमामुळे ती कधीच अधिकृतपणे चलनात आली नाहीत. दोन स्मिथसोनियनकडे गेली आणि बाकीची वितळवायची होती. तरीही काही नाणी टांकसाळीतून बाहेर पडली आणि फिलाडेल्फियाचे जवाहिरे इझ्राएल स्विट यांच्यामार्फत संग्राहकांपर्यंत पोहोचली. त्यांतले एक इजिप्तचे राजे फारूक यांनी घेतले, आणि १९४४ मध्ये अमेरिकन कोषागाराने त्याच्या निर्यातीचा परवानाही देऊन टाकला. ही चूक लक्षात येईपर्यंत नाणे कैरोला पोहोचले होते. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात एका ब्रिटिश व्यापाऱ्याकडे ते सापडले आणि गुप्त सेवेने जप्त केले. खटल्यात तडजोड झाली, आणि ३० जुलै २००२ रोजी ते ७५,९०,०२० डॉलरना विकले गेले. शेवटचे वीस डॉलर हे नाणे कायदेशीर चलन व्हावे म्हणून सरकारला देण्याचे दर्शनी मूल्य होते. तेच नाणे ८ जून २०२१ रोजी १ कोटी ८८ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले.

याला एक दुसरी बाजू आहे आणि गुंतवणूकदाराने तीही वाचावी. स्विट यांच्या वारसांना कौटुंबिक तिजोरीत आणखी दहा नाणी सापडली. त्यांनी ती पडताळणीसाठी टांकसाळीकडे दिली. टांकसाळीने ती अस्सल असल्याचे सांगितले आणि परत देण्यास नकार दिला. २०११ मध्ये ज्यूरीने सरकारच्या बाजूने कौल दिला, २०१६ मध्ये अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो उचलून धरला, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. भरपाई शून्य. नाणे अस्सल असणे आणि ते आपले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गंमत अशी की, १९३३ चे दहा डॉलरचे ईगल मात्र बाळगता येते, कारण हुकुमापूर्वी त्याची काही नाणी रीतसर बाहेर पडली होती.

प्रतवारी आणि पारख

हाती आलेल्या नाण्याची किंमत ठरवण्यासाठी अमेरिकेत एक ते सत्तर अशी गुणांची पट्टी वापरतात. विल्यम शेल्डन यांनी ती १९४९ मध्ये तांब्याच्या जुन्या सेंटसाठी तयार केली होती. साठ व त्यावरील गुण म्हणजे न वापरलेले नाणे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पीसीजीएस आणि एनजीसी या दोन संस्था निघाल्या. त्या नाणे तपासून, गुण देऊन, पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत बंद करून देतात. त्यामुळे न पाहता, केवळ क्रमांकावर व्यवहार करणे शक्य झाले. नाण्यांना जणू शेअरचे रूप आले. वॉल स्ट्रीटवरच्या काही बड्या दलाली पेढ्यांनी दुर्मीळ नाण्यांचे गुंतवणूक निधी काढले, १९८९ मध्ये भाव शिगेला पोहोचले आणि वर्षभरात कोसळले. त्या वेळी घेतलेल्या कित्येक नाण्यांना तो भाव पुढे अनेक वर्षे दिसला नाही.

ही प्रतवारी सोयीची असली तरी ती शेवटी माणसाने दिलेली मते आहेत. त्रेसष्ट आणि पासष्ट गुणांमधला फरक नवख्या डोळ्याला दिसत नाही. किमतीत मात्र तो मोठा असू शकतो. १९०४ साली फिलाडेल्फियात ६२ लाखांहून अधिक डबल ईगल पाडली गेली, आणि ती आजही विपुल आहेत. अशा नाण्याला वरच्या गुणांसाठी मोठी जादा किंमत देणे म्हणजे नाण्यापेक्षा डबीवरच्या चिठ्ठीसाठी पैसे मोजणे होय, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

येथे मराठी घरातल्या सवयींबद्दल एक सूचना आवश्यक वाटते. आपल्याकडे पुतळीहार असतो, गिन्नीला कडी लावून ती माळेत ओवली जाते, आणि सणावारी दागिने रिठ्याच्या पाण्यात घासून लख्ख केले जातात. आपल्या दृष्टीने नाणे हा दागिन्याचा भाग आहे. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र कडीसाठी टाका मारलेले किंवा घासलेले नाणे दुसरा भाव कायमचा गमावून बसते. त्याला मग मोडीचाच भाव. शंभर वर्षांत नाण्यावर चढलेली मंद तांबूस झाक ही घाण नव्हे. अमेरिकेतील नातेवाइकांनी किंवा घरमालकिणीने भेट दिलेले जुने नाणे एखाद्या घरात असेल, तर ते पुसण्याचाही मोह टाळावा.

बनावट नाण्यांचा प्रश्न आपल्या सराफी अनुभवाने सुटत नाही, हेही सांगायला हवे. सराफ कसोटीवर कस पाहतो. परंतु नाण्याची किंमत धातूच्या कित्येक पट असेल तर बनावट करणारा खऱ्या सोन्यातच, पुऱ्या वजनात आणि पुऱ्या कसात नाणे पाडतो. गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत लेबनॉनमध्ये असा उद्योग मोठ्या प्रमाणावर चाले. १९०७ च्या हाय रिलीफ नाण्याच्या एका प्रसिद्ध नकलेत तर बनवणाऱ्याने गरुडाच्या नखांत ‘ओमेगा’ हे ग्रीक अक्षर बारीक कोरून ठेवले आहे. कारागिराला आपल्या कामाचा अभिमान लपवता आला नाही. आता प्लास्टिकच्या डब्यांच्याही नकला निघतात. म्हणून डबीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या नोंदीत शोधून तेथील छायाचित्राशी नाणे ताडून पाहावे. आणखी एक भुलावण आहे. १९८६ पासून अमेरिकन सरकार ‘अमेरिकन ईगल’ नावाचे नवे सुवर्णनाणे काढते. त्यावर सेंट-गॉडन्स यांचीच स्वातंत्र्यदेवी आहे आणि १९९१ पर्यंत त्यावरील सालही रोमन अंकांत असे. रोमन अंक दिसले म्हणजे नाणे जुने, असे समजू नये.

गुंतवणूक म्हणून

धंद्याच्या दृष्टीने जुन्या अमेरिकन सुवर्णनाण्यांचे दोन टोकांचे वर्ग पडतात. एका टोकाला विपुल उपलब्ध असलेली, साधारण प्रतीची नाणी. त्यांचा भाव सोन्याबरोबर चढतो-उतरतो आणि वर थोडा प्रीमियम असतो. हा प्रीमियम स्थिर नसतो. टंचाईच्या काळात तो फुगतो, आणि अलीकडच्या काही वर्षांत सोने महागत असताना तो उलट बराच आटला. दुसऱ्या टोकाला खरोखर दुर्मीळ नाणी. त्यांचा भाव श्रीमंत संग्राहकांच्या स्पर्धेवर चालतो आणि सोन्याशी त्यांचे नाते नावापुरतेच असते. ही दोन्ही टोके समजण्यासारखी आहेत. धोका मधल्या पट्ट्यात आहे. दुर्मीळ नसलेली नाणी ‘ऐतिहासिक’ आणि ‘मर्यादित’ अशा विशेषणांसह, धातूच्या किमतीहून वीस, तीस, कधी त्याहूनही अधिक टक्के चढवून दूरध्वनीवरून विकली जातात.

हिशेब सोपा आहे. धातूची किंमत शंभर असताना नाणे एकशेवीसला घेतले. विकताना व्यापारी धातूच्या किमतीहून तीन टक्के बट्टा कापतो असे धरू. मुद्दल परत मिळण्यासाठी सोने सुमारे चोवीस टक्के वाढले पाहिजे. त्या काळात साध्या लगडीत पैसे गुंतवलेल्याने ही वाढ जवळजवळ पूर्ण खिशात घातलेली असते.

या मधल्या पट्ट्याच्या विक्रीसाठी सर्वांत प्रभावी हत्यार म्हणजे १९३३ ची भीती. सरकार पुन्हा सोने जप्त करील, तेव्हा लगडी जातील पण संग्राहकांची जुनी नाणी वाचतील, असे निवृत्त माणसांना सांगितले जाते. हा युक्तिवाद ऐतिहासिक हुकुमातील एका सवलतीवर उभा आहे. पुढचा कोणताही कायदा तीच सवलत तशीच देईल याची हमी कोणी देऊ शकत नाही. शिवाय १९३३ मध्येही ‘विशेष मूल्य’ लागत होते, नुसते जुने साल नव्हे. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराच्या सरकारी वकिलांनी अशाच विक्रीपद्धतीबद्दल एका मोठ्या कंपनीवर कारवाई केली आणि २०१२ मध्ये तिला ग्राहकांना ४५ लाख डॉलरपर्यंतचा परतावा देणे मान्य करावे लागले. फसलेल्यांत म्हातारपणाची पुंजी घालणारे लोक असतात, हे या व्यापारातील सर्वांत क्लेशकारक सत्य आहे.

दुर्मीळ टोकही निर्धोक नाही. दुर्मीळता एका रात्रीत कमी होऊ शकते. १२ सप्टेंबर १८५७ रोजी ‘सेंट्रल अमेरिका’ हे जहाज कॅलिफोर्नियाचे सोने घेऊन जाताना वादळात बुडाले आणि चारशेहून अधिक माणसे गेली. १९८८ मध्ये टॉमी थॉम्पसन यांच्या पथकाने दोन किलोमीटरहून अधिक खोलीवरून त्यातील खजिना वर काढायला सुरुवात केली. त्यात सॅन फ्रान्सिस्कोची १८५७ सालची पाच हजारांवर डबल ईगल जणू कालच पाडल्यासारखी निघाली. त्याआधी त्या प्रतीचे त्या वर्षाचे नाणे क्वचितच दिसे. मोहिमेत पैसे घालणाऱ्यांच्या पदरी मात्र निराशा आली. वाद न्यायालयात गेले आणि नाण्यांचा ठावठिकाणा न सांगितल्याबद्दल २०१५ मध्ये थॉम्पसन यांना न्यायालयाच्या अवमानासाठी तुरुंगात जावे लागले. सुदैवाचे उदाहरणही आहे. उत्तर कॅलिफोर्नियात २०१३ मध्ये कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका जोडप्याला आपल्याच जमिनीत पुरलेले आठ डबे सापडले; त्यांत १,४२७ सुवर्णनाणी होती. दर्शनी किंमत २७,९८० डॉलर, बाजारातील अंदाज एक कोटीचा. ती कोणी पुरली हे कळले नाही.

कराचा भागही पाहावा लागतो. अमेरिकेत अशी नाणी ‘संग्राह्य वस्तू’ या सदरात येतात. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर शेअरसाठी कमाल वीस टक्के कर असताना येथे तो कमाल अठ्ठावीस टक्के आहे. निवृत्तिवेतनाच्या आयआरए खात्यात नवे अमेरिकन ईगल ठेवता येते, जुने डबल ईगल ठेवता येत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी, विशेषतः निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी, हा फरक विक्रेत्याकडून नव्हे तर आपल्या हिशेबनिसाकडून समजून घ्यावा.

ज्याला हौस आणि गुंतवणूक यांचा मेळ घालायचा आहे त्याने लुई एलियासबर्ग यांचे उदाहरण पाहावे. बाल्टिमोरच्या या बँकरने, जेव्हा सोने बाळगण्याचा कायदेशीर मार्ग नाण्यांच्या संग्रहातूनच जात होता त्या काळात, जुनी नाणी घेण्यास सुरुवात केली. १९४२ मध्ये त्यांनी एक अख्खा प्रसिद्ध संग्रह एक लाख डॉलरना विकत घेतला आणि १९५० मध्ये त्या वेळी ज्ञात असलेल्या सर्व अमेरिकन नाण्यांचा संच पूर्ण केला. त्यांच्या मृत्यूनंतर १९८२ मध्ये केवळ सुवर्णनाण्यांच्या लिलावात १ कोटी २० लाख डॉलरहून अधिक रक्कम आली. पण त्यांनी आधी अभ्यास केला होता, चाळीस वर्षे थांबण्याची त्यांची व त्यांच्या घराण्याची ऐपत होती, आणि त्यांना कोणी दूरध्वनीवरून नाणी विकली नव्हती.

भारतात राहून ही नाणी घेण्याचा विचार करणाऱ्यांसाठी दोन अडचणी आहेत. पहिली आयात शुल्काची आणि परकीय चलनाच्या नियमांची. ते वेळोवेळी बदलतात, तेव्हा नाणे मागवण्यापूर्वी सीमाशुल्क खात्याकडून खात्री करून घ्यावी. दुसरी अडचण क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. १९०४ चे डबल ईगल हौसेने येथे आणले आणि पुढे न्यूयॉर्कच्या लिलावात विकायचे ठरवले, तर ते बाहेर नेताना हाच कायदा आडवा येऊ शकतो. जाणकार ग्राहक जेथे आहे त्या देशात नाणे जाऊ शकत नसेल, तर त्याला येथे सराफकट्ट्यावर पहिलाच भाव मिळणार. मुंबईच्या टांकसाळीत १९१८ मध्ये पाडलेले, ‘आय’ अक्षराचे ब्रिटिश सॉव्हरिन आणि त्याच वर्षीची पंधरा रुपयांची मोहोर यांनाही हा कायदा लागू आहे. पण त्यांना निदान येथील संग्राहक ओळखतात आणि त्यांची बोली मुंबई-पुण्यात लागते.